२४ कोटी ६९ लाख आणि एक सेकंद

समजा, देशातल्या शाळांमधली सगळी मुलं एका रांगेत उभी केली आणि सेकंदाला एक या वेगानं मोजायला सुरुवात केली. जेवायला थांबायचं नाही, झोपायचं नाही, दिवाळीची सुट्टी घ्यायची नाही. ‘यूडायस प्लस’ या सरकारी शालेय नोंदवहीच्या २०२४-२५ च्या अहवालात हा आकडा २४ कोटी ६९ लाख आहे, पूर्वप्राथमिकपासून बारावीपर्यंतचा. मोजणी संपायला सात वर्षं दहा महिने लागतील. मोजायला सुरुवात झाली त्या दिवशी पहिलीत बसलेलं पोर तोवर आठवीच्या वार्षिक परीक्षेला आलेलं असेल. म्हणजे कायद्यानं त्याला देऊ केलेलं मोफत आणि सक्तीचं शिक्षण संपत आलेलं असेल, आणि आपण अजून रांगेचं शेवटचं टोक शोधत असू.

पाकिस्तानची २०२३ ची जनगणना २४ कोटी १५ लाखांवर थांबली. आपल्या शाळांचा पट त्याहून मोठा आहे. शाळा १४ लाख ७१ हजार. शिक्षकांची संख्या त्याच वर्षी पहिल्यांदा एक कोटीच्या वर गेली. एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक शाळा आणि दोन कोटींहून अधिक विद्यार्थी आहेत, जवळपास श्रीलंकेच्या लोकसंख्येएवढे. देशातल्या १ लाख ४ हजार शाळांमध्ये एकेकच शिक्षक आहे आणि अशा एकशिक्षकी शाळांत साडेतेहतीस लाखांहून जास्त मुलं शिकतात. उलट ७,९९३ शाळांचा पट शून्य आहे, आणि त्या शाळांवर वीस हजारांहून जास्त शिक्षक नेमलेले आहेत. या एका ओळीवर एखादी कादंबरी लिहिता येईल, पण ते काम दुसऱ्या कुणाचं.

हे सगळे आकडे मुख्याध्यापक भरतात. कुठे रात्री नेट चालू असताना, कुठे केंद्रप्रमुखांचा तिसरा फोन आल्यावर. वर्गखोल्या किती, वीज आहे का, मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, संगणक किती. जगात इतकी मोठी शालेय नोंदवही फार थोड्या देशांकडे असेल. पण मूल शाळेत आलं की नाही हे तिला कळतं. आलेल्या मुलाला वाचता येतं का, हे कळण्यासाठी मुलासमोर कागद धरावा लागतो.

तो कागद धरण्याचं काम २००५ साली ‘असर’ या सर्वेक्षणानं सुरू केलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मुंबईच्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून उभी राहिलेली ‘प्रथम’ ही संस्था त्यामागं आहे, माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी स्थापन केलेली. त्यांची कल्पना ऐकायला जवळजवळ भाबडी वाटते. एका कागदावर काही अक्षरं, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. दुसऱ्या कागदावर अंकओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकानं भागाकार. मूल तिसरीतलं असो की आठवीतलं, कागद तोच. लेखी काही नाही. जवळ बसायचं, कागद पुढं करायचा आणि मूल जे वाचेल ते ऐकायचं.

परीक्षा शाळेत न घेता घरी घ्यायची, हा खरा मुद्दा. शाळेत गेलात तर आलेलीच मुलं सापडतात. त्या दिवशी गैरहजर असलेली, खासगी शाळेत गेलेली, शाळा सोडून शेळ्यांमागं गेलेली मुलं सुटतात. म्हणून घराघरांत जायचं, तेही रविवारी, पोरं घरी असतात तेव्हा. प्रत्येक गावात दोन स्वयंसेवक, बहुतेक स्थानिक कॉलेजातले नाहीतर डाएट या शिक्षक-प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी. गावाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागात दर पाचवं घर घ्यायचं, अशी पाच घरं. चार पंचे वीस. जिल्ह्यात अशी तीस गावं म्हणजे सहाशे घरं.

इथं अनेकांचा गोंधळ उडतो. पुणे जिल्ह्यालाही सहाशे घरं आणि सिंधुदुर्गलाही सहाशेच? हो. नमुन्यातून निघालेला अंदाज किती विश्वासाचा, हे नमुन्यात किती घरं आहेत यावर ठरतं. जिल्हा केवढा मोठा आहे, याचा त्याच्याशी जवळजवळ संबंध नसतो. शितावरून भाताची परीक्षा, फक्त शीत पातेल्याच्या कडेचंच उचलायचं नाही, एवढं पथ्य. हे पथ्य पाळत २०२४ च्या फेरीत स्वयंसेवक ६०५ जिल्ह्यांतल्या १७,९९७ गावांत गेले, साडेतीन लाख घरांची दारं वाजवली आणि सुमारे साडेसहा लाख मुलांची माहिती गोळा केली. एवढ्या पसाऱ्याच्या मुळाशी हातात मावतील असे ते दोन कागद. आज पाकिस्तानपासून केनिया, युगांडापर्यंत अनेक देशांत त्याच धर्तीची सर्वेक्षणं होतात.

निष्कर्ष आता बऱ्याच जणांच्या कानावरून गेलेले असतात. इतके की ते ऐकू येणं बंद झालंय. ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयोगटातली ९८ टक्के मुलं शाळेत दाखल आहेत. २०१८ साली तिसरीतल्या २७.३ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती. कोरोनानंतर २०२२ साली हा आकडा २०.५ वर घसरला. २०२४ मध्ये तो २७.१ झाला. सहा वर्षांत दरीत उतरून पुन्हा चढून आपण निघालो तिथंच आलो. सरकारी शाळांचा स्वतंत्र आकडा, २३.४, मात्र ‘असर’ सुरू झाल्यापासूनचा सर्वांत चांगला आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. वाईट बातमीच तेवढी छापली जाते. पाचवीतल्या मुलांचं काय? दुसरीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचं प्रमाण वीस वर्षं निम्म्याच्या आसपासच रेंगाळतंय. आणि एक टक्का म्हणजे किती, तर ग्रामीण भागातल्या एका इयत्तेपुरतं बोललं तरी लाखाहून जास्त मुलं.

टक्केवारीची एक खोड आहे. ती सगळ्या वर्गाला एकाच माणसासारखी वागवते. ‘तिसरीतल्या मुलांना वाचता येत नाही’ असं वाक्य तयार होतं, जणू तिसरी नावाचं एकच मूल आहे. म्हणून २०१८ च्या तक्त्यातली तिसरीची ओळ घेऊन तीस मुलांचा एक वर्ग बसवून पाहू. कायद्यानं एका प्राथमिक शिक्षकामागं तीसच मुलं सांगितली आहेत. या तिसातल्या चार मुलांना अक्षरंही ओळखता येत नाहीत. सातजणांना अक्षरं येतात, शब्द येत नाही. सहाजणांना शब्द येतो, पण परिच्छेदापाशी गाडी अडते. पाचजण परिच्छेद वाचतात, गोष्ट वाचू शकत नाहीत. उरलेले आठ गोष्ट वाचतात.

पाठ्यपुस्तक कुणासाठी लिहिलंय? त्या आठांसाठी. बाई फळ्यावर जे लिहितात ते बावीस मुलांच्या डोक्यावरून जातं, आणि त्यात बाईंचा दोष शोधण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर एक वर्ग नाही, पाच वर्ग एका खोलीत बसले आहेत. द्विशिक्षकी शाळा असेल तर या पाचांना दोनाने किंवा तिनाने गुणा, कारण पहिली, दुसरीही त्याच खोलीत असते.

वरच्या इयत्तांत हे अंतर कमी होईल अशी आशा असते. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहान्द्रो गानिमियान यांनी दिल्लीतल्या सरकारी शाळांमधल्या ६१९ मुलांची पातळी संगणकावर तपासली. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागं निघालं, नववीतलं साडेचार इयत्ता. एकाच सहावीत सर्वांत पुढच्या आणि सर्वांत मागच्या मुलामध्ये पाच-सहा इयत्तांची तफावत होती. मूल दरवर्षी वरच्या वर्गात जातं आणि दरवर्षी पुस्तकापासून थोडं आणखी दूर जातं. महाराष्ट्राच्या दहावीचा २०२५ चा निकाल ९४.१० टक्के लागला. मागं पडण्याचा आणि पास होण्याचा, दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत.

मग मागं पडलेल्या मुलांसाठी काय करता येतं? त्यासाठी आता मुंबईकडे येऊ. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदरा इथल्या पालिका शाळांत एक प्रयोग झाला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, तिला ‘बालसखी’ म्हणायचं. तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गातून बाहेर काढून तिच्याकडे द्यायची. व्हरांड्यात, जिन्यात, जिथं जागा मिळेल तिथं बसून ती त्यांना अक्षरं, शब्द, बेरीज-वजाबाकी शिकवायची. मानधन महिन्याला ५०० ते ७५० रुपये. कुठल्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, म्हणजे तुलना प्रामाणिक व्हावी. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी मोजणी केली. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढं २०१९ चं नोबेल मायकेल क्रेमर यांच्यासोबत मिळालं.

दुसऱ्या वर्षाअखेर परिणाम निघाला ०.२८ प्रमाण विचलन. कागदावर हा आकडा फुसका वाटतो. शंभर मुलं गुणांनुसार ओळीत उभी करा. बरोबर मधलं, पन्नासावं मूल ०.२८ नं पुढं सरकलं की ते मागून मोजता एकसष्टाव्या जागी येतं. अकरा मुलांना मागं टाकतं. व्हरांड्यात बसून, महिना पाचशे-साडेसातशे रुपयांत. गंमत म्हणजे वर्गात उरलेल्या, पुढं असलेल्या मुलांना गर्दी कमी झाल्याचा काहीच फायदा झालेला दिसला नाही. वर्ग लहान केला म्हणून शिकणं वाढलं नाही. मूल जिथं होतं तिथून शिकवलं म्हणून वाढलं. आणि हेही खरं की प्रयोग थांबल्यावर वर्षभरानं हा परिणाम ०.१ च्या आसपासच उरला.

पुढं उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्याच स्वयंसेवकांनी संध्याकाळचे वाचनवर्ग घेतले. एक अक्षरही न येणारी जी मुलं त्या वर्गांना गेली, त्यांच्यात अक्षरं ओळखण्याची शक्यता ६० टक्क्यांच्या फरकानं वाढली. साठ! शिक्षणातल्या प्रयोगांत असा आकडा क्वचित दिसतो. फक्त वर्गाला गेली होती गावातली ८ टक्के मुलं.

या दोन प्रयोगांत शिक्षण-संशोधनाची सगळी गोची आहे. बेरीज आपल्याला जमते: घरं मोजली, मुलं मोजली, टक्के काढले. गुणाकार फसतो. वीस मुलांवर चाललेली गोष्ट वीस कोटींवर नेताना वाटेत कुठेतरी तिचा जीव जातो.

मोठ्या आकड्यांचा आणखी एक सापळा आहे. न्यूझीलंडचे जॉन हॅटी यांनी २००९ च्या आपल्या पुस्तकात आठशेहून अधिक आढावे एकत्र केले. प्रत्येक आढाव्यात अनेक अभ्यास, असे पन्नास हजारांच्या वर अभ्यास आणि त्यांच्या अंदाजानं आठ कोटी विद्यार्थी. मग गृहपाठ, वर्गाचा आकार, अभिप्राय, अशा प्रत्येक उपायाला एकेक आकडा देऊन त्यांची क्रमवारी लावली. प्रशिक्षण शिबिरांतल्या स्लाइडवर ती क्रमवारी आजही झळकते. मला ती कधी पटली नाही. तीन आठवड्यांच्या प्रयोगाचा आकडा आणि तीन वर्षांच्या प्रयोगाचा आकडा, प्रयोगकर्त्यानं स्वतः बेतलेली चाचणी आणि बोर्डाची परीक्षा, यांची सरासरी काढून हाती येतं ते नेमकं कशाचं मोजमाप? अनेक संख्याशास्त्रज्ञांनीही हेच विचारलं आहे. आठ कोटी विद्यार्थी म्हटलं की ऐकणारा गप्प होतो, तेवढाच त्याचा उपयोग.

त्यापेक्षा हॅटींच्याच देशातला दुसरा माणूस मला जास्त ओढून घेतो. क्राइस्टचर्चचे ग्रॅहम नटहॉल. त्यांनी आठ कोटींच्या नेमकी उलट वाट धरली. वर्गातल्या काही मोजक्या मुलांच्या गळ्यात छोटे मायक्रोफोन अडकवले, वर कॅमेरे लावले आणि एक पूर्ण घटक शिकवून होईपर्यंत त्या मुलांनी ऐकलेला, बोललेला, पुटपुटलेला शब्द न् शब्द टिपला. मग एकेका संकल्पनेचा माग काढला: हे या मुलापर्यंत कधी पोचलं, कितव्यांदा, कुणाकडून? त्यांना आढळलं की एखादी गोष्ट पक्की व्हायला तिची पुरेशी माहिती मुलासमोर वेगवेगळ्या वेळी किमान तीनदा यावी लागते. शिक्षक जे शिकवणार असतात त्यातलं चाळीस ते पन्नास टक्के मुलाला आधीच ठाऊक असतं, पण प्रत्येकाला वेगळं. एका मुलानं शिकलेल्या गोष्टींपैकी सुमारे एकतृतीयांश वर्गात दुसऱ्या कुणीच शिकलेलं नसतं. आणि मुलाला आपल्या कामावर मिळणाऱ्या प्रतिक्रियांपैकी ऐंशी टक्के शेजारच्या मुलांकडून येतात, त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या. समोर बाई शिकवत असतात, खरा वर्ग बाकाखाली भरलेला असतो.

बाईंच्या बाजूनं पाहिलं तर? शिकागोच्या फिलिप जॅक्सन यांनी १९६८ मध्ये लिहून ठेवलंय की प्राथमिक शिक्षकाचे मुलांशी दिवसभरात हजारापर्यंत संवाद होतात. बोलणं, टोकणं, होकार, ‘बस खाली’, ‘पेन्सिल कुठंय?’ सहा तासांची शाळा धरली तर दर वीस-बावीस सेकंदांनी एक. आपल्या एक कोटी शिक्षकांना हाच हिशेब लावला तर रोजचे हजार कोटी संवाद, दोनशे दिवसांच्या वर्षात दोन लाख कोटी. यातला एकही कुठल्या पोर्टलवर चढत नाही.

या गर्दीत एका सेकंदाची किंमत किती? अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्षानुवर्षं विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती घड्याळ लावून ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतो. एकच. उत्तर आलं नाही की पुन्हा प्रश्न, नाहीतर दुसऱ्या मुलाकडे बोट, नाहीतर स्वतःच उत्तर. ज्यांना शिक्षक हुशार समजतात त्यांच्यासाठी जवळजवळ दोन सेकंद थांबतात, मागच्या बाकांसाठी एक सेकंदही पुरता नाही. रो यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायची सवय लावली. मुलांची उत्तरं कित्येक पटींनी लांबली, तीनशे ते सातशे टक्क्यांनी. न विचारता बोलणारी मुलं वाढली, ‘माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प असणारी तोंड उघडू लागली. खर्च शून्य, सामग्री शून्य, निविदा नाही.

दिवसाला तीनशे प्रश्न धरले आणि प्रत्येकामागं दोन सेकंद वाढवले, तर एका शिक्षकाची रोज दहा मिनिटं जातात. एक कोटी शिक्षकांची मिळून रोज एकशे नव्वद वर्षं. एवढी वर्षं रोज आपण मुलांच्या तोंडून काढून घेतो, असंही हा हिशेब उलटा वाचता येईल. पण देशभर शिक्षकांना तीन सेकंद थांबवायचं कसं? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे: परिपत्रक, दोन दिवसांचं प्रशिक्षण, मग लिंक, आणि लिंकवर माहिती तात्काळ सादर करावी. ती माहिती भरण्यात तासिका जाईल, हा भाग वेगळा.

गुणाकार कुठं फसतो हे बिहारमध्ये फार स्पष्ट दिसलं. २००८ च्या जूनमध्ये सरकारी शिक्षकांनी महिनाभराची उन्हाळी शिबिरं घेतली. मुलं पातळीनुसार बसवली आणि वाचन शिकवलं. मुलं खरोखर पुढं गेली. मग शाळा सुरू झाल्या. शिक्षकांना प्रशिक्षण मिळालं, साहित्यही मिळालं, आणि परिणाम शून्य. जूनमध्ये जमत होतं ते शाळा भरल्यावर का जमेना? कारण जूनमध्ये कुणी पोर्शन विचारत नव्हतं. शाळा भरली की तिसरीच्या शिक्षकाचं काम तिसरीचं पुस्तक संपवणं, हे त्याच्या वरच्यानं, त्याच्याही वरच्यानं आणि पालकांनी ठरवलेलंच असतं. उत्तराखंडात तर वेगळाच प्रकार झाला: मदतीला दिलेले स्वयंसेवक शाळांनी सरळ नेहमीच्या वर्गांवर घातले. एक माणूस मिळालाय तर तासिका घेऊ दे. हाताखाली दोनच शिक्षक असलेल्या मुख्याध्यापकाला त्याबद्दल बोल लावणं अवघड आहे.

उत्तर प्रदेशात नंतर ‘प्रथम’च्या माणसांनी स्वतः शाळेत जाऊन दहा-वीस दिवसांची शिबिरं घेतली, वर्षभरात मिळून सुमारे पन्नास दिवस. परिणाम ०.६ ते ०.७ प्रमाण विचलन. म्हणजे शंभरांच्या ओळीतलं मधलं मूल पंचाहत्तराव्या जागेच्या आसपास. हरियाणानं मात्र सरकारी शिक्षकांकडूनच करून घेतलं. तिथं २०१२-१३ मध्ये शाळेच्या दिवसात एक तास वेगळा काढला. त्या तासाला तिसरी, चौथी, पाचवीची मुलं दप्तरं उचलून आपापल्या पातळीच्या खोलीत जायची, पाचवीतलं मूल अक्षरगटात असलं तर अक्षरगटात. देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही तेच प्रशिक्षण दिलं होतं आणि त्यांनी आधी स्वतः वर्ग घेऊन पाहिले होते. भाषेतली वाढ ०.१५, गणितात काही नाही. पन्नासावं मूल छप्पन्नाव्या जागी. बालसखीच्या निम्मीच वाढ, पण नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या शिक्षकांकडून, भर सत्रात झालेली.

शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान दोनशे दिवस आणि आठशे तास सांगितले आहेत. रोजचा एक तास असा बाजूला काढला, तर वर्षाचे दोनशे तास होतात. पोर्शनसाठी सहाशे उरतात.